नाळेचं रक्त आणि पाटल्या

परवा भाची आली, सातवा महिना लागलाय. म्हणाली, "मावशी, बाळाच्या नाळेतलं रक्त बँकेत ठेवायचंय. पाटल्या मोडू का?" एजंटाने म्हणे सगळ्याच आजारांवर इलाजाची हमी दिलेली!

मैत्रिणींनो, या रक्तात मूळपेशी असतात हे खरंच. १९८८ मध्ये पॅरिसला रक्ताचा आनुवंशिक आजार असलेला एक मुलगा त्यामुळेच बरा झाला. पण ते रक्त होतं त्याच्या धाकट्या बहिणीच्या नाळेतलं, स्वतःचं नव्हे. थॅलेसेमियासारखा जन्मजात दोष बाळाच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही असतोच ना! म्हणूनच खासगी बँकेत असं रक्त साठवण्याची शिफारस आयसीएमआर करत नाही. घरात आधीचं भावंड असं आजारी असेल, तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

भाचीच्या पाटल्या अजून हातातच आहेत. एजंटाचे फोन काही थांबत नाहीत.