लिनक्सवाल्यांना एवढी मजा कशात येते?

तुमच्या ओळखीत एखादा लिनक्सवाला असेलच. लॅबमधला सीनियर, जुना रूममेट, नाहीतर चुलतभाऊ. वायफाय चालत नाही म्हणून तो रात्री दोन वाजेपर्यंत जागतो, आणि ते चाललं की बोर्डात आल्यासारखा खूश होतो. आपण बघत राहतो. नीट चालणारा लॅपटॉप दुकानात मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी? त्याला विचारलं तर ठरलेली उत्तरं मिळतात: फुकट आहे, वेगवान आहे, व्हायरसचा त्रास कमी.

ही उत्तरं खोटी नाहीत. पण एवढ्यासाठी कोणी वर्षानुवर्षं एखाद्या गोष्टीच्या प्रेमात राहत नाही. विंडोज किंवा मॅकओएसचे पैसे आपण बहुतेक वेळा लॅपटॉप घेतानाच मोजलेले असतात, त्यामुळे नंतर लिनक्स टाकलं म्हणून खिशात काही परत येत नाही. मग मजा कशात? माझं उत्तर थोडक्यात असं: इथे ‘असं का?’ हा प्रश्न शेवटपर्यंत विचारता येतो, आणि उत्तर पटलं नाही तर ते बदलता येतं.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने बराच घोळ घातला आहे. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. फुकट म्हणजे पैसे न पडणारं, आणि मुक्त म्हणजे बंधन नसलेलं. तुमच्या फोनवरची बरीचशी ॲप्स फुकट आहेत, पण मुक्त नाहीत.

सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा प्रोग्रॅम. आपल्या हातात सहसा पडतं ते त्याचं यंत्राला कळणारं रूप. ते चालवता येतं, पण आत काय आहे ते सहज वाचता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरसोबत सोर्स कोड मिळतो आणि चार स्वातंत्र्यंही मिळतात. प्रोग्रॅमर मंडळींच्या सवयीप्रमाणे ती शून्यापासून मोजतात: (०) कुठल्याही कामासाठी वापरा, (१) आत बघा आणि बदला, (२) दुसऱ्याला प्रत द्या, (३) तुम्ही बदललेली प्रतही द्या.

ही कल्पना एका प्रिंटरमुळे रुजली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जावा, असा बदल त्यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये केला होता. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण सोर्स कोडशिवाय. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो कोड होता. स्टॉलमन यांनी मागितला, तर त्याने नकार दिला, कारण कोणाला देणार नाही असं वचन तो देऊन बसला होता. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. त्याचं सार असं: हवं ते बदला, पण पुढे ज्याला द्याल त्यालाही हेच स्वातंत्र्य मिळालं पाहिजे.

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःपुरतं एक कर्नल लिहिलं. कर्नल म्हणजे यंत्राचे भाग आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. पुढच्याच वर्षी ते जीपीएलखाली आलं. ते कर्नल, ग्नूची साधनं आणि इतर असंख्य प्रोग्रॅम मिळून जे बनतं, त्याला आपण सरसकट लिनक्स म्हणतो. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हेच कर्नल आहे. जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं.

शेवटपर्यंत विचारता येणारा ‘का?’

आता मजेकडे येऊ. समजा, झाकण बंद केलं तरी लॅपटॉप झोपत नाही. एरवी आपण काय करतो? बंद करून चालू करतो आणि देवाचं नाव घेतो. लिनक्सवर यंत्राची रोजनिशी, म्हणजे लॉग, उघडून वाचता येते. त्यात बहुतेक वेळा सापडतं की अमुक भागाने झोपायला नकार दिला. तो भाग चालवणारा प्रोग्रॅम शोधता येतो, त्याचा कोड बघता येतो, इतकंच काय, ती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली याची नोंदही वाचता येते. ही नोंद ठेवणारं गिट हे साधन टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये कर्नलच्या कामासाठीच बनवलं. तुम्ही असाइनमेंटसाठी वापरता ते गिट हेच.

प्रत्येक वेळी कोणी इतकं खोलात जात नाही. मी तर वर्षातून एखाद्या वेळेस जातो. पण वाट मोकळी आहे हे माहीत असलं की यंत्राकडे बघण्याची नजर बदलते. बिघाड म्हणजे नशीब राहत नाही, ते एक कोडं होतं. रात्री दोन वाजताचा तो आनंद या कोड्याचा असतो.

दुसरी मजा टर्मिनलची. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं बघून घाबरू नका. गणपतीत मोदक करायला घर बसतं ते आठवा: एक जण पारी करतो, दुसरा सारण भरतो, तिसरा कळ्या जुळवतो. प्रत्येकाला एकच काम, पण ते चोख. टर्मिनलमधले प्रोग्रॅम असेच लहान असतात, आणि ‘पाइप’ नावाच्या एका उभ्या रेघेने ते जोडता येतात. एकाने दिलेलं दुसरा घेतो. ही सोय डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये आणली. तीनशे पानांच्या मजकुरात कोणते दहा शब्द सर्वात जास्त वेळा आले? शब्द सुटे करा, क्रम लावा, सारखे मोजा, आकड्यानुसार पुन्हा लावा, पहिले दहा दाखवा. पाच-सहा साधनं एका ओळीत आणि उत्तर क्षणात. त्यासाठी वेगळं ॲप शोधायला लागत नाही.

तिसरी मजा निवडीची. डेबियन, फेडोरा, मिंट, आर्च अशा कितीतरी ‘डिस्ट्रो’ आहेत, म्हणजे एकाच कर्नलभोवती मांडलेले वेगवेगळे संसार. नवख्यासाठी मिंट सोपं, तर सगळं स्वतः जुळवायची हौस असेल तर आर्च. काहींना आपला पडदा सजवण्याचंच वेड असतं. हसू नका, आपणही भाड्याच्या खोलीत पडदे बदलतोच की.

आपल्या ‘ऱ्य’ची गोष्ट

यात आपल्या भाषेचाही संबंध येतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द वाचा. पहिले विद्वान, दुसरे स्वयंपाकी. फरक फक्त त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’चा. तो पडद्यावर नीट दिसावा यासाठी फॉन्ट तर हवाच, पण अक्षरांची जोडणी करणारा प्रोग्रॅमही हवा. हार्फबझ हा असा एक मुक्त प्रोग्रॅम. तो मुख्यतः मूळचे इराणचे बेहदाद एस्फहबोद यांनी घडवला आणि त्याचं नावही फारसी शब्दांवरून आलं आहे. लिनक्सवर तर तो आहेच, शिवाय फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडमध्येही आहे. म्हणजे फारसी बोलणाऱ्या माणसाच्या कामातून आपला ‘ऱ्य’ उभा राहतो. मराठीची बाजारपेठ पुरेशी मोठी आहे का, हे कोणा कंपनीने ठरवण्याची वाट बघावी लागली नाही. लिनक्सवर कळफलकाची मांडणीही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. ‘ळ’ अगदी हाताशी हवा? एक ओळ बदला.

मला हे कुठे कळलं

मी स्वतः लिनक्सकडे वळलो तो तत्त्वासाठी नव्हे. पीएचडी संपली, काही महिन्यांनी विद्यापीठाचं खातं बंद झालं, आणि त्यासोबत एका सॉफ्टवेअरचा परवानाही संपला. माझ्या चार वर्षांच्या मोजमापांच्या फाइल्स माझ्याच डिस्कवर होत्या, पण उघडेनात. शेवटी जुन्या लॅबमधल्या एका मैत्रिणीला त्या एकेक करून साध्या मजकुरात काढून पाठवायची विनंती केली. तिने तीन शनिवार घालवले.

परदेशात आपलं बरंच काही मुदतीचं असतं: व्हिसा, घराचा करार, नोकरी. त्याला इलाज नाही. पण स्वतः केलेलं काम तरी मुदत संपल्यावर आपल्याला उघडता आलं पाहिजे. आज माझ्या फाइल्स अशा रूपात असतात की त्या वाचण्याची रीत जाहीर आहे. एक प्रोग्रॅम बंद पडला तर दुसरा लिहिता येईल.

तोटेही सांगतो. काही वायफाय कार्ड आणि काही लॅपटॉप त्रास देतात. फोटोशॉप लिनक्ससाठी मिळत नाही. ऑनलाइन परीक्षांची काही सॉफ्टवेअर आणि फसवणूक पकडणारी यंत्रणा असलेले काही गेम चालत नाहीत. तुमचं रोजचं काम अशा एखाद्या गोष्टीवर अडत असेल तर सगळं सोडून इकडे या, असं मी म्हणणार नाही.

पण बघायला हरकत नाही. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या (त्यावरचा मजकूर पुसला जाईल), त्यावर मिंट किंवा फेडोरा चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. ‘इन्स्टॉल’ दाबलं नाहीत तर तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही. घरात विंडोज १० चा जुना लॅपटॉप पडून असेल तर तोच घ्या. त्या विंडोजचा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, पण यंत्र अजून धडधाकट असू शकतं. पहिल्याच दिवशी काहीतरी अडेल. तेव्हा लगेच बंद करून चालू करू नका. आधी ‘का?’ विचारा.