दगड की अष्टपाद?

समुद्राचा किनारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते. पण कोकणात सगळीकडे वाळूच आहे असे नाही. पुष्कळ ठिकाणी काळा कातळ थेट समुद्रात उतरलेला असतो. अशा जागेला तिकडे खडप म्हणतात. ओहोटी लागली की खडप उघडे पडते. खळग्यांतून पाणी साचून राहते. त्या पाण्यात एक अजब प्राणी लपून बसतो. त्याचे नाव अष्टपाद. त्यालाच ऑक्टोपस असेही म्हणतात. बाजारात मिळणारे म्हाकूल हे त्याचेच भाऊबंद.

एकदा आम्ही मालवणच्या बाजूला हा प्राणी पाहायला गेलो. बरोबर कालवे काढणारी एक म्हातारी बाई होती. एका डबक्याकाठी आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलो. काही दिसेना. आम्ही म्हणालो, "आजी, इथं काही नाही."

ती हसली. म्हणाली, "गुरुजी, तुमच्या पायाकडेच आसा तो. खयचो दगड फुगता नि बसता, तां बघा."

म्हणजे, कोणता दगड फुगतो आणि बसतो ते बघा. आम्ही पाहू लागलो. आणि खरेच, एक दगड हळूहळू फुगत होता, पुन्हा बसत होता. तो दगड नव्हताच!

मंडळी, हा प्राणी असा का लपतो? त्याच्या अंगात एकही हाड नाही. पाठीवर शिंपलाही नाही. सगळे अंग मऊ. मोठे मासे त्याला सहज खातात. म्हणून लपणे हेच त्याचे चिलखत.

आता तो रंग कसा बदलतो ते पाहू. त्याच्या कातडीत रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती स्नायू असतात. स्नायूंनी ओढले की पिशवी पसरते व रंग दिसतो. स्नायू सैल पडले की तिचा बारीक ठिपका होतो. हे सारे क्षणात घडते. शिवाय त्याला कातडीवर उंचवटे काढता येतात. मग अंग शेवाळलेल्या दगडासारखे खडबडीत दिसते.

तर मग त्याला ओळखावे कसे? आजींनी आम्हांला खुणा सांगितल्या.

पहिली खूण उष्ट्याची. अष्टपाद खेकडे आणि शिंपले खातो. उरलेली टरफले पुष्कळदा बिळाच्या तोंडाशी टाकतो. ताज्या टरफलांचा ढीग दिसला की तिथे थांबावे.

दुसरी खूण श्वासाची. तो पाणी आत घेतो व एका नळीने बाहेर सोडतो. त्यामुळे अंग हलते, जवळची वाळूही हलते.

तिसरी खूण डोळ्याची. सारे अंग दगडासारखे झाले तरी डोळा राहतोच. त्यात एक आडवी काळी रेघ दिसते.

सूर्य पाठीमागे ठेवावा, म्हणजे पाणी चमकत नाही. पण आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. सावली दिसली की तो आत शिरतो.

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत. बिळात हात घालू नये. अष्टपादाला पोपटासारखी चोच असते, आणि त्याच्या चाव्यात विष असते. हिंदी महासागरात निळ्या कड्यांचा एक लहान अष्टपाद आहे. त्याच्या विषाने माणूस मरू शकतो. दुसरी गोष्ट भरतीची. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी लांब जाते, पण भरतीही तशीच मोठी येते. पाणी फिरले की लगेच परतावे.

आणखी एक. बिळात अंडी दिसली तर तिथून दूर व्हावे. मादी अंड्यांजवळ बसून राहते, त्यांच्यावर ताजे पाणी सोडते. त्या दिवसांत ती बहुधा काही खात नाही. पिले बाहेर पडली की ती मरते. अशा आईला आपण त्रास देऊ नये. उलटलेला दगडही पुन्हा जागेवर ठेवावा. त्याखाली कुणाचे तरी घर असते.

परतताना आजी म्हणाल्या, "माका वाचूक येना नाय, गुरुजी." आम्ही गप्प राहिलो. आम्ही आयुष्यभर मुलांना अक्षरे शिकवली. पण त्या डबक्यापुढे आम्हीच निरक्षर ठरलो. खडप कसे वाचावे ते आजींना येत होते.

त्यांचे हे ज्ञान कुठल्या वहीत लिहिलेले नव्हते. तुमच्याही गावात अशी जाणती माणसे आहेत. कुणाला रानातली झाडे ठाऊक, कुणाला पाऊस, कुणाला गुरांची दुखणी. आता तुम्हांला लिहिता येते. त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि चार ओळी वहीत उतरवून ठेवा.