मेंदूविज्ञान आणि सामान्य माणूस : विद्यापीठांचे जनजागृती कार्यक्रम

मानवी मेंदूचे वजन साधारणपणे १.३ ते १.४ किलोग्रॅम असते. शरीराच्या एकूण वजनाच्या मानाने हे प्रमाण सुमारे २ टक्के भरते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यापैकी जवळजवळ २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. अशा या अवयवाविषयीचे संशोधन गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढले. मात्र ते संशोधन ज्या समाजाच्या पैशातून आणि ज्या समाजासाठी चालते, त्या समाजापर्यंत ते पोहोचते का, हा प्रश्न वेगळा आहे. जगभरातील अनेक विद्यापीठे आपल्या प्रयोगशाळांचे दरवाजे वर्षातून काही दिवस सर्वांसाठी उघडू लागली, ती याच प्रश्नामुळे. या कार्यक्रमांचे स्वरूप, त्यांची उपयुक्तता आणि त्यांच्या मर्यादा यांचा येथे विचार केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९९० ते १९९९ हे दशक ‘मेंदूचे दशक’ म्हणून जाहीर करण्यात आले होते. त्याच काळात, १९९६ मध्ये, तेथील डेना प्रतिष्ठानाशी संलग्न असलेल्या शास्त्रज्ञांच्या संघटनेने ‘मेंदू जागृती सप्ताह’ सुरू केला. पुढे त्याचा प्रसार अनेक देशांत झाला आणि मार्च महिन्यात तो साजरा करण्याची प्रथा पडली. १९९८ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील प्राध्यापक नॉर्बर्ट मिस्लिन्स्की यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘ब्रेन बी’ ही मेंदूविज्ञानाची स्पर्धा सुरू केली. तिलाही आंतरराष्ट्रीय रूप आले.

सप्ताहाची कल्पना साधी होती. शास्त्रज्ञाने व्यासपीठावरून भाषण करावे आणि लोकांनी ऐकून घरी जावे, एवढ्यावर न थांबता लोकांनी स्वतः हाताळावे, करून पाहावे आणि विचारावे. त्यासाठी खुले दिवस, प्रदर्शने, शाळांना भेटी आणि रुग्णांच्या नातेवाइकांशी संवाद असे विविध मार्ग अवलंबिले गेले.

कार्यक्रमात काय दाखवितात ?

अशा प्रदर्शनांतील बहुतेक प्रयोग बिनखर्चाचे असतात. त्यांतील तीन नमुन्यादाखल पाहू.

पहिला प्रयोग अंधबिंदूचा. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटर अंतरावर ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे एकटक पाहावे व कागद हळूहळू जवळ आणावा. सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर ठिपका दिसेनासा होतो. डोळ्याच्या पडद्यावर ज्या जागी दृष्टिचेता बाहेर पडते, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तरीही त्या जागी काळी पोकळी दिसत नाही. आजूबाजूच्या रंगाने मेंदू ती जागा भरून काढतो. पाहण्याचे काम डोळ्यापाशी संपत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याला येथे कागदाच्या एका तुकड्यावर पटते.

दुसरा प्रयोग स्ट्रूप यांचा, १९३५ पासून प्रसिद्ध असलेला. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने, ‘निळा’ हा शब्द पिवळ्या शाईने असे लिहून शाईचा रंग सांगावयास लावले, की वाचता येणारा माणूस अडखळतो. वाचनाची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती आवरण्यास मेंदूला वेळ लागतो. ज्याला ती लिपी वाचता येत नाही, तो त्या शब्दांपाशी अडखळत नाही. मराठी, उर्दू, कन्नड अशा एकाहून अधिक लिप्या जेथे एकाच वर्गात नांदतात, तेथे हा प्रयोग विशेष बोलका ठरतो.

तिसरा प्रयोग लोलकाच्या चष्म्याचा. हा चष्मा घालून चेंडू टोपलीत टाकू गेल्यास नेम एका बाजूला जातो. पंधरा-वीस वेळा फेकल्यावर नेम सुधारतो आणि चष्मा काढताच विरुद्ध बाजूला चुकतो. शिकणे म्हणजे मेंदूत प्रत्यक्ष फेरबदल होणे, हे यातून कळते. या फेरबदलात लहान मेंदूचा वाटा मोठा असतो.

बंगळूरचे उदाहरण

या प्रकारचे आपल्या देशातील ठळक उदाहरण म्हणजे बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच ‘निम्हान्स’. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९९४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि पुढे २०१२ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. तेथील चेताविकृतिविज्ञान विभागात १९९५ मध्ये मानवी मेंदूची पेढी सुरू झाली. मृत व्यक्तीच्या कुटुंबीयांच्या संमतीने मिळालेले मेंदू तेथे संशोधनासाठी जतन केले जातात. त्याच विभागाच्या मेंदू संग्रहालयात सर्वसामान्य माणसालाही प्रवेश मिळतो आणि रसायनात टिकवलेला खरा मेंदू हातात घेऊन पाहता येतो.

अपघाताने इजा झालेला मेंदू, रक्तस्राव झालेला मेंदू, गाठ असलेला मेंदू असे नमुने अशा संग्रहात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. हेल्मेटविषयी दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते एका नमुन्याने साधते. फीतकृमीच्या पिशव्यांनी ग्रासलेल्या मेंदूचा नमुनाही असाच बोलका असतो. या कृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेली भाजी आणि अस्वच्छ हात यांवाटे पोटात जातात. त्यामुळे डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. भारतात फेफऱ्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे आणि ते टाळता येण्याजोगे आहे.

अज्ञानाची किंमत

मेंदूविषयीचे अज्ञान निरुपद्रवी नसते. फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणे, हातात लोखंडी वस्तू देणे, दातांमध्ये चमचा घालणे हे प्रकार आजही घडतात. वास्तविक रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी, तोंडात काहीही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे, एवढेच करावयाचे असते. पक्षाघाताबाबतही तेच. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच धावपळ करावी लागते. कारण रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मालीश आणि उतारा यांत गेलेले तास परत मिळत नाहीत.

अज्ञान कायद्यातही शिरते. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींत फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके हा विवाहाला अडथळा मानला गेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख वगळण्यात आला. कायद्याच्या पुस्तकातून तो शब्द गेला. परंतु मुलीचा आजार लपवून तिचे औषध बंद करणारी कुटुंबे आजही आहेत. तेथपर्यंत कायदा पोहोचत नाही, शिक्षक मात्र पोहोचू शकतो.

माहिती आणि गैरसमज

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मेंदूची माहिती वाढली म्हणजे गैरसमज आपोआप कमी होतात, असे नाही. २०१२ मध्ये ब्रिटन व नेदरलँड्स येथील २४२ शिक्षकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूविषयीच्या प्रचलित गैरसमजुतींपैकी सरासरी ४९ टक्के या शिक्षकांना खऱ्या वाटत होत्या. विशेष म्हणजे ज्यांना मेंदूची सामान्य माहिती अधिक होती, त्यांचा गैरसमजुतींवरील विश्वासही अधिक आढळला. ज्याला विषयाची आवड असते, तो वाचतो पुष्कळ; पण खरे आणि खोटे निवडण्याचे साधन त्याच्याजवळ नसेल, तर दोन्ही सारख्याच श्रद्धेने स्वीकारतो, असा याचा अर्थ लावता येतो.

२००८ मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोगही विचार करावयास लावणारा आहे. मानसशास्त्रातील काही चुकीच्या स्पष्टीकरणांना मेंदूच्या भागांचा असंबद्ध उल्लेख जोडण्यात आला. सामान्य वाचकांना व विद्यार्थ्यांना ती स्पष्टीकरणे एकदम समाधानकारक वाटू लागली. तज्ज्ञ मात्र फसले नाहीत.

‘माणूस मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो’ हे वाक्य याच जातीचे आहे. मेंदूचा कोणताही मोठा भाग निकामी पडून नसतो. छोट्याशा भागाचा रक्तपुरवठा थांबला तरी वाचा किंवा हालचाल जाऊ शकते. ‘हा मुलगा डोळ्यांनी शिकणारा, तो कानांनी शिकणारा’ अशी विभागणी करून शिकविल्याने अधिक शिकणे होते, यालाही पुरेसा पुरावा मिळालेला नाही. आपल्याकडे ‘मध्यमेंदू जागृती’च्या नावाखाली डोळ्यांना पट्टी बांधून वाचन शिकविण्याचे वर्ग निघाले आणि पालकांनी त्यांत हजारो रुपये घातले. मध्यमेंदू प्रत्येक निरोगी माणसात जागाच असतो. डोळ्यांच्या हालचालींसारखी कामे तो सतत करीत असतो. पट्टीच्या फटीतून दिसते, एवढेच त्या चमत्काराचे रहस्य होते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वेळोवेळी दाखवून दिले.

शिक्षकांसाठी काही सूत्रे

कम्युनिटी कॉलेजमध्ये परिचर्या साहाय्यक, बालवाडी शिक्षिका, वाहनचालक, यंत्रकारागीर अशा व्यवसायांचे विद्यार्थी येतात. मेंदूविज्ञान त्यांच्या परीक्षेत नसले, तरी त्यांच्या कामात आहे. त्यांच्यासाठी असा कार्यक्रम योजताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१) प्रत्येक प्रयोगाला एक प्रश्न जोडावा. ‘काय दिसले?’ यानंतर ‘असे का झाले?’ आणि ‘दुसरे कारण असू शकेल का?’ हे विचारल्याशिवाय प्रयोग संपवू नये.

२) सांगावयाच्या गोष्टी थोड्या निवडाव्यात. झटका आल्यावर काय करावे, पक्षाघाताची लक्षणे कोणती आणि हेल्मेट का, एवढे तीन मुद्दे घरोघर गेले तरी पुष्कळ झाले.

३) बोलण्याची भाषा घरची असावी. ‘अपस्मार’ म्हटल्यावर न कळणारा माणूस ‘फेफरे’ किंवा ‘मिरगी’ म्हटल्यावर लगेच आपल्या घरातील उदाहरण सांगू लागतो.

४) तज्ज्ञ डॉक्टर किंवा प्राध्यापक बोलावल्यास श्रोत्यांचे प्रश्न आधी लिहून घ्यावेत. चिठ्ठीवर नाव नसल्याने लोक जे विचारण्यास लाजतात, तेही विचारतात.

५) महिन्याभराने पुन्हा तेच प्रश्न विचारून किती लक्षात राहिले ते पाहावे. उपस्थितीचा आकडा म्हणजे कार्यक्रमाचे यश नव्हे.

समारोप

विद्यापीठाचे दरवाजे वर्षातून एक आठवडा उघडतात. वर्गाचे दार रोज उघडते. मोठ्या शहरातील संग्रहालयात जाणे प्रत्येक विद्यार्थ्याला शक्य होणार नाही. परंतु फुली-ठिपक्याचा कागद, रंगीत शाईचे चार शब्द आणि झटक्याच्या वेळी करावयाच्या चार गोष्टी कोणत्याही गावात पोहोचू शकतात. फेफऱ्याचा झटका आलेल्या मुलीच्या तोंडातला चमचा बाजूला करून तिला कुशीवर वळविणारा एक विद्यार्थी तयार झाला, तरी त्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.