महापौरांची खुर्ची, आयुक्तांची लेखणी

एकदा नवरात्राच्या तोंडावर शेजारची सहावीतली मुलगी वही घेऊन आली. नागरिकशास्त्राच्या प्रकल्पात ‘आपल्या शहराचे महापौर’ अशी एक चौकट होती. तिथे नाव लिहायचे आणि छायाचित्र चिकटवायचे. “काका, ठाण्याचे महापौर कोण?” मी टेंभी नाक्याच्या परिसरात वाढलो. या शहराच्या इतिहासाची कात्रणे जमवण्याचा नाद मला कित्येक वर्षांचा आहे. तरी मला नाव सांगता आले नाही, कारण सांगण्यासारखे नाव नव्हतेच. मार्च २०२२मध्ये ठाणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. नरेश म्हस्के हे शेवटचे महापौर. तेव्हापासून प्रशासकाचा कारभार होता.

“मग काम कोण करतं?” तिने विचारले. आयुक्त, मी म्हणालो.

“आणि महापौर होते तेव्हा कोण करायचं?”

तेव्हाही आयुक्तच, असे उत्तर माझ्या तोंडून गेले आणि मीच थबकलो. नगरनेतृत्व, दूरदृष्टी, महापौरांची कारकीर्द असे शब्द आपण सहज वापरतो. पण ज्या पदाच्या कारकिर्दीविषयी बोलतो, त्या पदाच्या हातात होते काय, हे आधी पाहिले पाहिजे. ठाण्याचा अनुभव त्यासाठी फार उपयोगी आहे. कारण एकच माणूस इथे दोन वेगवेगळ्या आसनांवर बसला: आधी नगराध्यक्ष म्हणून, मग महापौर म्हणून. तो माणूस म्हणजे सतीश प्रधान.

शब्द सावरकरांचा, रचना इंग्रजांची

‘महापौर’ हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी घडवला. ‘मेयर’ या शब्दाला दिलेला हा प्रतिशब्द मराठीत इतका रुजला, की तो घडवलेला आहे हेही आपण विसरलो. शब्द भारदस्त आहे. पण त्यामागची रचना एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईची.

१८६५मध्ये मुंबईत आर्थर क्रॉफर्ड हा सनदी अधिकारी आयुक्त झाला. त्याने शहर झपाट्याने बदलले आणि खर्चही तसाच केला. १८७१मध्ये त्यावर मोठा वाद पेटला. तेव्हा तरुण फिरोजशहा मेहता यांनी मांडलेला विचार पुढे प्रभावी ठरला: कार्यकारी अधिकार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा आणि त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्याचा गाभा हाच. मुंबई प्रांतातल्या इतर शहरांसाठी १९४९मध्ये कायदा झाला, त्यातही हीच घडी कायम राहिली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका त्याच कायद्याखाली चालतात.

या कायद्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतो आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. आर्थिक प्रस्ताव आणि कंत्राटे यांच्या मंजुरीसाठी सोळा सदस्यांची स्थायी समिती असते. तिचा सभापती वेगळा. महापौर सभा चालवतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून पाहुण्यांचे स्वागत करतात. त्यांच्या शब्दाला पक्षात वजन असेल, तर तो चालतो. मात्र ते वजन पक्षाचे असते, कायद्याचे नव्हे.

नगरपालिकेचा कायदा, म्हणजे १९६५चा, याहून वेगळा आहे. तिथेही मुख्याधिकारी सरकारचाच. पण आर्थिक आणि कार्यकारी कारभारावर लक्ष ठेवणे, अधिकाऱ्यांवर देखरेख आणि नियंत्रण करणे हे अध्यक्षाचे काम म्हणून कायद्यातच लिहिलेले आहे. शिवाय स्थायी समितीचा सभापती पदसिद्ध अध्यक्षच असतो. पैशाची किल्ली आणि सभेची घंटा एकाच हातात. हा फरक कागदावर बारीक वाटतो, शहरात मात्र तो ठळक दिसतो.

एक माणूस, दोन आसने

ठाण्याची नगरपालिका १८६३ची. पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली त्यानंतर दहा वर्षांनी स्थापन झालेली. १९६७मध्ये, स्थापनेला जेमतेम वर्ष झालेल्या शिवसेनेला इथे पहिली सत्ता मिळाली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. १९७४मध्ये नगराध्यक्षाची निवड थेट जनतेतून झाली. ठाणेकरांनी सतीश प्रधान यांना निवडले आणि ते सुमारे सात वर्षे त्या पदावर राहिले.

त्या वर्षांचे ठाणे आजच्या मानाने लहान होते. वागळे इस्टेटचे कारखाने जोरात होते आणि पगाराच्या दिवशी बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसे. नगरपालिकेच्या तिजोरीचा मोठा आधार होता जकात, म्हणजे शहराने शहराच्या वेशीवर गोळा केलेला स्वतःचा पैसा. अशा वेळी थेट लोकांनी निवडलेला, स्थायी समितीचा सभापती असलेला आणि पुरेसा काळ हाताशी असलेला नगराध्यक्ष शहराला मिळाला.

त्याचे फळ मासुंदा तलावाच्या काठी उभे आहे. शिवसेनाप्रमुखांनी ठाणेकरांना नाट्यगृहाचा शब्द दिला होता. १९७८मध्ये राम गणेश गडकरी रंगायतन उघडले आणि तो शब्द खरा झाला. तोवर चांगल्या नाटकासाठी ठाणेकर दादरची गाडी पकडत. दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहाच्या उभारणीशीही प्रधानांचे नाव जोडले जाते. १९८०मध्ये त्यांच्या पुढाकाराने ज्ञानसाधना महाविद्यालय सुरू झाले. ते नगरपालिकेचे काम नव्हे, संस्थेचे. पण गावाला नाट्यगृह हवे, मैदान हवे, कॉलेज हवे, ही दृष्टी एकच आहे. राहायला मुंबईबाहेर आणि जगायला मुंबईत, अशी ठाण्याची गत होऊ नये, हा त्या कामांचा अर्थ मला दिसतो.

यात उणिवा नव्हत्या असे नाही. शहर ज्या वेगाने फुगणार होते, त्याला पुरेल असे रस्ते, गटारे आणि पाणी यांचे नियोजन त्या काळात झाले नाही. नाट्यगृह दिसते, जमिनीखालची मलवाहिनी दिसत नाही. मते मागणाऱ्याचा कल दिसणाऱ्या कामाकडे झुकतो. पण श्रेय असो वा दोष, दोन्ही कोणाच्या पदरात घालायचे हे तेव्हा ठाणेकराला माहीत होते.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून ठाणे महापालिका झाली. सुरुवातीची चार वर्षे प्रशासकाची गेली. १९८६मध्ये पहिली निवडणूक झाली आणि प्रधान पहिले महापौर झाले. माणूस तोच, पक्ष तोच, शहर तेच; आसन मात्र बदलले होते. आता निवड नगरसेवकांनी केलेली, मुदत एका वर्षाची, स्थायी समिती दुसऱ्याकडे आणि सही आयुक्तांची. १९८७मध्ये ते पायउतार झाले. पुढे १९९२पासून बारा वर्षे ते राज्यसभेत होते. २९ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक बातम्यांत ‘ठाण्याचे पहिले महापौर’ अशीच त्यांची ओळख होती. मान महापौराचा, पण आठवणीत राहिलेली कामे बहुतांशी नगराध्यक्षाची. मला हे फार बोलके वाटते.

मते फुटतात तेव्हा

महापौराची निवड नगरसेवकांच्या हाती गेली, त्याची किंमत ठाण्याने लवकरच पाहिली. १९८९च्या महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेची मते फुटली आणि काँग्रेसचे मनोहर साळवी महापौर झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला. या प्रकरणात शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांना टाडाखाली अटक झाली. ऑगस्ट २००१मध्ये दिघे यांचे निधन झाले, तोवर त्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

मी त्या खटल्याची उजळणी करायला बसलेलो नाही. मुद्दा एवढाच, की ज्या पदाला कायद्याने जवळजवळ काहीच अधिकार नव्हते, त्या पदासाठी शहराने रक्त पाहिले. आणि त्याच काळात गाऱ्हाणे घेऊन लोक महापालिकेत कमी, टेंभी नाक्यावर दिघे यांच्याकडे जास्त जात. शाळेचा प्रवेश, रुग्णालयातली खाट, सासरचा जाच, घरमालकाचा तगादा, सगळे तिथे. ते ना नगरसेवक होते ना महापौर. अधिकृत खुर्ची रिती असली, की लोक दुसरी खुर्ची शोधतात. तिथे काम होते, पण त्याचा हिशेब कोणत्याही सभागृहात मागता येत नाही.

रस्ते रुंद झाले तेव्हा

आता उलटी बाजू. १९९०च्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर ठाण्याचे आयुक्त होते. गजबजलेल्या भागांत त्यांनी रस्ते रुंद केले, अतिक्रमणे पाडली. दुकानदार चिडले, बाकीच्यांनी कौतुक केले. ते दिवस पाहिलेला कोणीही ठाणेकर आज त्यांचे नाव सांगेल. त्या वर्षांत महापौर कोण होते, हे मी परिचितांना विचारून पाहिले. एखाद्यालाच आठवले.

म्हणजे फिरोजशहांचे म्हणणे खोटे नव्हते. खंबीर अधिकारी मतांच्या धाकाशिवाय नकोसे पण गरजेचे काम करू शकतो. पण त्यांच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे सभेचा अंकुश, तो किती चालतो? कायद्यानुसार पाच-अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला तर सरकारने आयुक्तांना परत बोलवायचे असते. शेजारच्या नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६मध्ये तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव मोठ्या बहुमताने झाला. तरी ते त्या पदावर राहिले. बदली झाली ती मार्च २०१७मध्ये. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, यावर मतभेद असू शकतात. पण अंकुशाचे टोक कोणाच्या हातात आहे, यावर मतभेदाला जागा राहत नाही. ते मंत्रालयात आहे.

पैशाचेही तसेच. जकात गेली, २०१३मध्ये ठाण्यात स्थानिक संस्था कर आला, २०१५मध्ये व्यापाऱ्यांच्या मोठ्या वर्गासाठी तोही गेला, २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला. आता शहराच्या उत्पन्नाचा मोठा वाटा राज्याच्या भरपाईतून येतो. वेशीवर स्वतः कर गोळा करणारे शहर आज हप्त्याची वाट पाहते. १९७४च्या नगराध्यक्षाकडे असलेला हा आधार आजच्या महापौराकडे नाही.

उपाय सोपा नाही

मग महापौरही थेट निवडावा का? मध्य प्रदेशात तो तसा निवडला जातो आणि त्याच्या हाताखाली सदस्यांची परिषद असते. मुंबईत १९९८मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला, पण वर्षभरातच गुंडाळला गेला. आपल्याकडे थेट नगराध्यक्षाची पद्धत २०१६मध्ये आली, २०२०मध्ये गेली, २०२२मध्ये पुन्हा आली. ज्या पक्षाला जेव्हा सोयीची, तेव्हा ती लोकशाहीची गरज ठरते. आणि थेट निवडलेला अध्यक्ष एका पक्षाचा, सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, अशी कोंडीही अनेक नगरपालिकांनी अनुभवली आहे. तेव्हा केवळ निवडणुकीची तऱ्हा बदलून भागणार नाही. लोकांचे मत, सहीचा अधिकार, स्वतःचे उत्पन्न आणि पुरेशी मुदत या चार गोष्टी एकत्र आल्या, तरच नेतृत्वाला कारकीर्द म्हणता येते. प्रधानांच्या नगराध्यक्षपदात त्या बऱ्याच अंशी एकत्र आल्या होत्या. आज महापौराची मुदत अडीच वर्षांची आहे आणि आरक्षणाची सोडत दर वेळी नवी. वंचितांना आणि स्त्रियांना ती खुर्ची मिळाली, हे चांगलेच झाले. पण त्यांना ती मिळाली तेव्हा ती रिकामी करून दिलेली होती, हेही खरे.

कल्याण-डोंबिवलीची कथा याहून लांबलेली. १९८३मध्ये महापालिका झाली, पहिली निवडणूक १९९५मध्ये. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथे पुन्हा प्रशासक आला. ठाण्याचे तेच २०२२मध्ये झाले. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६पर्यंतची मुदत घालून दिली. पण एवढी वर्षे सभागृह नसूनही रस्ते झाडले गेले, कर भरले गेले, निविदा निघाल्या. यातून काही जण महापौर नसला तरी चालते असा अर्थ काढतात. मला तो धोकादायक वाटतो. चालते खरे. पण कोणता रस्ता आधी, कोणत्या वस्तीला पाणी कमी, हे भर सभेत विचारणारा माणूस नसतो. १९८१च्या तीन लाखांचे ठाणे २०११च्या जनगणनेत अठरा लाखांवर गेले. एवढ्या लोकांचे प्रश्न एका कार्यालयाच्या दारावर चिठ्ठी देऊन सुटत नाहीत.

त्या मुलीच्या वहीतल्या चौकटीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी तिला सतीश प्रधानांचे नाव आणि १९८६ हे साल सांगितले, खाली ‘पहिले महापौर’ असे लिहायला सुचवले. तिने मान हलवली. “बाई म्हणाल्यात, आत्ताचे लिहा,” ती म्हणाली. मग तिने पेन्सिलीने ‘निवडणूक व्हायची आहे’ असे लिहिले आणि फोटोची जागा तशीच ठेवली. निवडणूक झाली की ती तिथे कोणाचा तरी फोटो चिकटवणार होती. त्या फोटोतल्या माणसाच्या हातात काय असेल, ते विचारणे मात्र आपले काम आहे.