निकाहनाम्यातले ‘दोन दीनार सुर्ख’ : शब्द कुठून आला, वजन किती आणि हक्क कुणाचा?

पेडगाव असो, मानवत असो की पाथरी, परभणी जिल्ह्यात आणि एकूणच जुन्या निजामी मुलखात निकाहच्या मजलिसीत एक वाक्य अनेकदा कानावर पडतं. “अमुक हजार रुपये सिक्का रायजुल वक्त आणि दोन दीनार सुर्ख मेहरच्या बदल्यात...” नवरदेव “कबूल किया” म्हणतो, दुआ होते, खजूर वाटले जातात. रुपयांचा आकडा सगळ्यांना कळतो. पण ‘दोन दीनार सुर्ख’ म्हणजे नेमकं किती सोनं, हे मुलीला विचारा, तिच्या वालिदला विचारा, गवाह म्हणून सही करणाऱ्याला विचारा. बहुतेक जण एकमेकांकडे बघतील.

हा शब्द नुसता शोभेचा नाही. ते मुलीचं सोनं आहे. म्हणून तो शब्द आला कुठून, त्याचं वजन किती आणि आज तो कसा लिहावा, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

दीनार हा शब्द मुळात अरबी नाही

आपण दीनार, दिरहम हे अरबी शब्द समजतो. ते अरबीत रुळले हे खरं, पण जन्म तिथला नाही. रोमन लोकांचं चांदीचं एक नाणं होतं, देनारियुस. त्यांच्या लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘दहाचं’, कारण सुरुवातीला ते दहा तांब्याच्या नाण्यांबरोबरीचं होतं. रोमच्या पूर्वेकडच्या मुलखात, म्हणजे शाम, मिस्र, तुर्कस्तान या भागात, कारभाराची आणि व्यापाराची भाषा ग्रीक होती. ग्रीक लोकांनी या शब्दाचं ‘देनारिऑन’ केलं. सोन्याचं नाणं असेल तर ते पुढे ‘ख्रुसून’, म्हणजे ‘सोन्याचं’, असं जोडत. ग्रीक भाषेत सोन्याला ‘ख्रुसोस’ म्हणतात. गंमत म्हणजे हा ख्रुसोससुद्धा ग्रीकांचा स्वतःचा नाही. तो अरबीच्याच भाषाकुळातून, जुन्या इराक-शामकडच्या बोलींतून त्यांच्याकडे गेला.

आता आपलं ‘दीनार सुर्ख’ पाहा. सुर्ख म्हणजे फारसीत लाल. लालसर चमकणारा दीनार, म्हणजे सोन्याचा दीनार. ग्रीक व्यापारी ‘देनारिऑन ख्रुसून’ म्हणत होता, आपले काझीसाहेब ‘दीनार सुर्ख’ म्हणतात. नाण्याच्या नावापुढे धातू स्पष्ट करायची तीच जुनी रीत.

दिरहमची कहाणीही तशीच. ग्रीकांचं चांदीचं नाणं ‘द्राख्मे’, म्हणजे ‘मूठभर’. नाणी येण्याआधी तिकडे लोखंडी सळया चलनासारख्या वापरत, सहा सळया एका मुठीत मावत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. हा शब्द इराणात जाऊन ‘द्रहम’ झाला आणि अरबीत दिरहम. आपल्याकडे तोच ‘द्रम्म’ झाला. शिलाहार आणि यादवांच्या काळातल्या कोरीव लेखांत द्रम्म भेटतो. द्रम्माचा दाम झाला, दामाची दमडी झाली. “दाम करी काम” म्हणताना किंवा “दमडीची किंमत नाही” म्हणताना आपण नकळत ग्रीकांचंच नाणं मोजत असतो.

गोदाकाठाला हे नाणं नवीन नव्हतं

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिस्रमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यात भडोच बंदरात सोन्याचे आणि चांदीचे देनारी उतरत आणि इथल्या नाण्यांशी त्यांची अदलाबदल नफ्याची ठरे, असं लिहिलं आहे. त्याच पुस्तकात भडोचला माल पुरवणारी दोन मोठी शहरं आहेत, पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. दोन्ही आपल्या मराठवाड्यातली.

त्याच काळाच्या आसपासच्या नाशिकच्या लेण्यांतल्या एका दानलेखात ७०,००० कार्षापणांचा हिशेब २,००० ‘सुवर्ण’ असा दिला आहे, एका सुवर्णाला ३५ कार्षापण. म्हणजे इथेही सोन्याच्या नाण्याचं नाव सोनंच. आणि दान देणाऱ्याने भाव सकट दगडात कोरून ठेवला, पुढे वाद नको म्हणून. आपण कागदावर दोन ओळी लिहायला कंटाळतो.

कुरआनात दीनार कुठे येतो?

कुरआन शरीफमध्ये दीनार हा शब्द एकदाच आला आहे, सूरह आलि इमरानच्या ७५व्या आयतीत. विषय आहे अमानतीचा. काही लोक असे असतात की त्यांच्याकडे सोन्याचा ढीग ठेवा, ते परत करतील. काही असे की एक दीनार ठेवला तरी डोक्यावर उभं राहिल्याशिवाय परत देणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. दिरहमचा उल्लेख सूरह यूसुफमध्ये आहे, हजरत यूसुफ (अलै.) यांना मोजक्या दिरहमांत विकलं गेलं तिथे.

७५व्या आयतीत ‘ढीग’ या अर्थी जो शब्द आहे तो ‘किन्तार’. तोही रोमहून ग्रीक भाषेमार्गे आला. मूळ ‘केन्तेनारिऑन’, शंभराच्या हिशेबाचं मोठं वजन. हाच किन्तार सूरह निसाच्या २०व्या आयतीत येतो आणि तिथे विषय थेट बायकोला दिलेल्या संपत्तीचा आहे : किन्तारभर दिलं असलं तरी त्यातलं काही परत घेऊ नका. लक्षात घ्या, एका आयतीत दीनार आणि किन्तार अमानत म्हणून येतात, दुसऱ्या आयतीत किन्तार बायकोचा हक्क म्हणून. मेहर या दोन्ही गोष्टी आहे.

वजन ठरलं कसं?

इस्लामच्या सुरुवातीच्या काळात अरबस्तानात स्वतःची नाणी नव्हती. रूमचे सोन्याचे दीनार आणि इराणचे चांदीचे दिरहम चालत. उमय्या खलीफा अब्दुल मलिक यांनी हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ. स. ६९६-९७ च्या सुमारास, चित्रं नसलेला, कलिमा कोरलेला दीनार पाडला. त्याचं वजन सुमारे ४.२५ ग्रॅम. या वजनाला मिस्काल म्हणतात. १० दिरहमांचं वजन ७ मिस्काल, हे प्रमाण फिकहच्या किताबांत कायम झालं.

मिस्काल या शब्दाचा अर्थच मुळी ‘वजन’. ग्रीकांच्या सोन्याच्या नाण्याला ‘स्टेटर’ म्हणत, त्याचाही संबंध तोलण्याशी. आपला तोळाही ‘तोलणे’ यातलाच. तीन मुलूख, तीन भाषा, पण समज एकच : सोन्याच्या नाण्याची किंमत त्याच्या नावात नसते, वजनात असते. सिकंदराचा सोन्याचा स्टेटर सुमारे ८.६ ग्रॅमचा होता. आपले दोन दीनार भरतात जवळपास तेवढेच.

अरब देशांत आज मिस्काल ४.२५ ग्रॅम धरतात. त्यामुळे जकातीचा निसाब २० दीनार म्हणजे ८५ ग्रॅम सोनं आणि २०० दिरहम म्हणजे ५९५ ग्रॅम चांदी. आपल्याकडच्या हनफी उलमांच्या हिशेबात दीनार ४.३७४ ग्रॅम आणि दिरहम ३.०६१८ ग्रॅम. त्यावरून निसाब साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी. कमीत कमी मेहर १० दिरहम, म्हणजे ३०.६१८ ग्रॅम चांदी. मेहर-ए-फातिमी आपल्याकडे साधारण ५०० दिरहम धरतात, म्हणजे १ किलो ५३०.९ ग्रॅम चांदी.

इथे एक सावधगिरी. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. आज सराफाच्या दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. साडेसात तोळे ऐकून कुणी ७५ ग्रॅमचा हिशेब केला तर तो चुकला. म्हणून तोळ्यात बोला, पण ग्रॅममध्ये लिहा.

सराफाचा ‘कॅरेट’ही ग्रीकच. ‘केरातिऑन’ म्हणजे एका झाडाची शिंगासारखी शेंग, तिची बी वजनाला वापरत. अरबीत त्याचा ‘कीरात’ झाला. जनाजाच्या नमाजचा सवाब सांगणाऱ्या हदीसमध्ये हाच कीरात आहे. रूमच्या सोन्याच्या नाण्याचे २४ भाग मानत, म्हणून शुद्ध सोनं २४ कॅरेट. २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोनं. दागिन्यावरच्या हॉलमार्कमधला ९१६ हा आकडा तोच हिशेब सांगतो.

रुपये विरले, सोनं टिकलं

‘सिक्का रायजुल वक्त’ म्हणजे त्या वेळी चालू असलेलं नाणं. हे शब्द आपल्या भागात उगाच आले नाहीत. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. शेजारच्या इंग्रजी मुलखात कलदार रुपया. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. म्हणून मेहर बांधताना कोणता रुपया, हे सांगावंच लागे. पुढे हाली गेला, भारतीय रुपया राहिला, आणि त्या रुपयाचंही मोल दर पिढीला घटत गेलं. साठ वर्षांपूर्वी पाचशे रुपये मेहर ही मोठी रक्कम होती. आज त्यात आठवड्याचा भाजीपालाही पुरा येत नाही.

पण त्याच निकाहनाम्यातले दोन दीनार आजही दोनच दीनार आहेत : ८.७४८ ग्रॅम शुद्ध सोनं. हनफी हिशेबाने हे वजन तेव्हाही तेवढंच होतं. ज्या घरांत आजी-नानीचा मेहर अजून दिलेला नाही, तिथे नुसते पाचशे रुपये पुढे करून सुटका होत नाही. मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. तो वारला तर वारसांत वाटणी होण्याआधी त्याच्या मालमत्तेतून ते फेडायचं असतं. तलाक झाला तर निकाहच्या वेळी ठरलेल्या मेहरइतकी रक्कम मिळण्याचा हक्क १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याच्या कलम ३ मध्येही लिहिलेला आहे.

अशर्फी आणि दीनार : लिहिताना काय जपावं?

काही घरांत दीनारऐवजी अशर्फी लिहितात. हे नाव मिस्रच्या सुलतान अल-अश्रफ बर्सबाय यांच्यावरून आलं. त्यांनी १४२५ मध्ये पाडलेली अशर्फी सुमारे ३.४ ग्रॅमची होती. निजामाची अशर्फी मात्र सुमारे ११ ग्रॅमची. म्हणजे ‘पाच अशर्फी’ एका हिशेबाने १७ ग्रॅम आणि दुसऱ्या हिशेबाने ५५ ग्रॅम. उद्या वाद झाला तर कोणती धरणार?

नुसत्या ‘दीनार’चंही तसंच. आज कुवेतचा कागदी दीनार फार महाग आहे आणि इराकचा फार स्वस्त. ‘सुर्ख’ शब्द गाळला तर वाटेल तो अर्थ काढायला वाट मोकळी. म्हणून निकाहनामा भरताना एवढं करा :

• दीनार किंवा अशर्फी लिहा, पण पुढे वजन ग्रॅममध्ये, आकड्यात आणि अक्षरात लिहा. उदा. “दोन दीनार सुर्ख, म्हणजे ८.७४८ ग्रॅम, २४ कॅरेट सोनं.” २२ कॅरेटमध्ये द्यायचं असेल तर तेवढंच शुद्ध सोनं भरायला सुमारे ९.५४ ग्रॅम लागतं.

• सोन्याऐवजी रक्कम द्यायची तर भाव निकाहच्या दिवसाचा की देण्याच्या दिवसाचा, तेही लिहा. सोनं ठरलं असेल तर देण्याच्या दिवसाचा भाव धरणं मुलीच्या हिताचं.

• मुअज्जल म्हणजे लगेच द्यायचा मेहर, मुवज्जल म्हणजे नंतरचा. देवनागरीत हे दोन्ही शब्द जवळपास सारखे दिसतात. शेजारी सरळ ‘नगद’ किंवा ‘उधार’ लिहा.

• वकील आणि गवाह मुलीकडे इजाजत घ्यायला जातात, तेव्हा तिला ग्रॅम सांगा. निकाहनाम्याची एक प्रत तिच्या हाती द्या.

मराठीत “वेड पांघरून पेडगावला जाणे” अशी म्हण आहे. ती श्रीगोंद्याजवळच्या पेडगावची, आपल्या परभणीच्या पेडगावची नाही. पण मेहरच्या बाबतीत आपण बरेच जण वेड पांघरूनच बसतो. कळत असून विचारत नाही, कारण विचारलं तर द्यावं लागेल.

दोन दीनार ही काही मोठी रक्कम नाही. एखाद्या वलीम्यात जेवणावर त्याहून जास्त खर्च होतो. पण ती अमानत आहे, आणि दीनार हा शब्द कुरआनात आला तोही अमानतीच्याच गोष्टीत. ज्यांच्या घरी जुना निकाहनामा पेटीत पडून आहे त्यांनी तो काढून वाचावा, वजन करावं आणि ज्या बाईचं देणं आहे तिला ते तिच्या हयातीतच द्यावं. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.