बुरूज बांधण्यापूर्वीचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात एक छोटा दृष्टान्त आहे. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा. नाहीतर पाया घालताच पैसा संपतो आणि अर्धवट बांधकाम पाहून येणारेजाणारे हसतात. लोकांची गर्दी मागे चालू लागली असताना येशूने हा इशारा दिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आईबाप, पत्नी, मुले, इतकेच नव्हे तर स्वतःचा जीव यांहूनही ही वाट मोठी मानण्याची अट त्याने त्याआधीच घातली होती.

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मस्वीकाराचा विषय निघाला की हिशेब बहुधा उलट्या बाजूने मांडला जातो. दुष्काळात मिळालेले धान्य, मिशनची शाळा, मिशनची नोकरी अशी जमेची यादी तत्काळ पुढे येते. असे लाभ कोणालाच झाले नाहीत, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण खर्चाची बाजू कोरी ठेवून केलेला ताळेबंद कोणताही कारकून मान्य करणार नाही. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० साली कायदा करावा लागला, यावरूनच त्या खर्चाची कल्पना येते. कायद्याने मिळकत वाचली. पंक्ती, पाणवठा आणि सोयरीक वाचविणे कायद्याच्या हाती नव्हते.

या खर्चाचे मराठीतील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने या चित्पावन कवीच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्तेष्ट दुरावले, संसार मोडला. निष्ठेची किंमत एकदाच एकरकमी चुकती करता आली असती, तर ती येथे पुरती चुकती झाली होती.

परंतु ही किंमत हप्त्याहप्त्यानेच द्यावी लागते. अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात स्थिरावले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादकत्वही आले. आता मान होता, वेतन होते. तरीही परदेशी पोशाखातला ख्रिस्त त्यांना सलत राहिला. अभंग आणि कीर्तन यांना त्यांनी उपासनेत स्थान दिले. अखेर १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखाच प्रवेश होता. पहिल्या वेळी त्यांनी जन्माने मिळालेला आधार सोडला होता. या वेळी श्रद्धेमुळे मिळालेला आधार सोडला. दुसरा त्याग कमी गाजला, म्हणून तो लहान ठरत नाही. त्यानंतर दोन वर्षे उलटण्यापूर्वीच, मे १९१९ मध्ये, मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांचा हा हिशेब त्यांचा एकट्याचा नव्हता, हेच या प्रकरणातील सर्वांत अवघड सत्य आहे. निर्णय त्यांनी घेतला आणि त्याचा मोठा हप्ता लक्ष्मीबाईंनी भरला. लहानग्या दत्तूला घेऊन, नातलगांच्या आश्रयाने, नवरा जिवंत असून परका झालेल्या स्त्रीचे जिणे त्या चार वर्षांहून अधिक काळ जगल्या. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास त्यांच्या विनोदाखाली दबलेला तो काळ विसरता येत नाही. पुढे त्या नगरला आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा विचार स्वतःच्या बुद्धीने तपासला, आधी शिवाशीव सोडली आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. घर सोडण्याच्या धैर्याइतकीच, मागे राहिलेल्या माणसाच्या विवेकाची वाट पाहण्याची तयारी ही निष्ठेची कसोटी आहे. पहिल्या गुणाचे चरित्रकार कौतुक करतात. दुसऱ्याची नोंद घरातच राहते.

ही गोष्ट केवळ एका शतकापूर्वीची मानण्याचे कारण नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या आदेशाने हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना त्या वर्गाचे संरक्षण मिळते. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही. गावाच्या नजरेत त्याची जात तशीच राहते, कागदावर मात्र ती पुसली जाते. आजोबांनी केलेल्या निवडीची किंमत नातू महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावर मोजतो. त्याने निवड केलेली नसते. तो त्या निवडीत जन्मलेला असतो. लाभासाठी धर्म बदलला, असा आरोप करणाऱ्यांनी हा रकानाही वाचावा. त्याचबरोबर श्रद्धेचा उपदेश करणाऱ्यांनीही खर्चाची ही बाजू झाकून ठेवू नये. दृष्टान्त सांगणाऱ्याने ती झाकली नव्हती.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प केला होता. 'ख्रिस्तायना'चे जेमतेम दहा अध्याय झाले आणि त्यांचा अंत झाला. रूढ अर्थाने शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या, आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या निर्णयाने त्यांचा संसार एकदा मोडला होता, त्याच निर्णयातून आरंभलेले काम त्यांनी आपले मानले. खर्चाचा अंदाज बांधताना टिळकांनी तो स्वतःपुरता धरला असेल. बुरूज मात्र दोघांच्या खर्चाने उभा राहिला.