पारपत्राची मुदत

मुलाला दुबईला किंवा कतारला नोकरी लागली, की घरात आधी पेढे येतात आणि मग कपाटातून पारपत्र निघते. पारपत्र म्हणजे आपण सगळे ज्याला पासपोर्ट म्हणतो तेच पुस्तक. त्यावरची तारीख वाचली, की पेढा गोड लागेनासा होतो. मुदत चार महिन्यांनी संपणार, आणि जायचे दोन महिन्यांनी! "मग दोन महिने शिल्लक आहेतच की," असे आजोबा म्हणतात. हिशेब बरोबर, पण तो तिथे चालत नाही. पुष्कळ देशांचा नियम असा, की त्यांच्या भूमीवर पाऊल ठेवाल तेव्हापासून पुढे निदान सहा महिने पारपत्राची मुदत उरली पाहिजे. नसली, तर विमान कंपनी इथूनच परत पाठवते. तेव्हा मोठ्या माणसाचे दहा वर्षांचे पारपत्र साडेनऊ वर्षांचेच समजावे.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. आपण 'नूतनीकरण' म्हणतो खरे, पण मिळते ते नव्या क्रमांकाचे नवेच पुस्तक. व्हिसाच्या कागदांवर हा क्रमांक असतो. म्हणून परदेशी मालकाला नक्कल धाडण्याआधी नवे पारपत्र करून घेतलेले बरे. जुने पुस्तक रद्द करून आपल्याला परत देतात. तेही जपून ठेवा. त्यात एखादा चालू व्हिसा असेल, तर कित्येक देश दोन्ही पुस्तके बरोबर असल्यास तो मानतात.

पण माणसाची खरी दमछाक होते ती नावापायी. आपले नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. पारपत्राच्या अर्जात रकाने दोनच. त्यात इंग्रजी अक्षरांची भर! 'चौधरी' हे एकच आडनाव एका घरातली चार माणसे चार तऱ्हांनी लिहितात. शाळेच्या दाखल्यावर 'रामचंद्र', आधारकार्डावर 'रामचंद्रराव'. गावाला ठाऊक असते की माणूस एकच. कचेरीला ते कसे कळावे? सुनेची अडचण तर याहून मोठी. दाखला माहेरच्या नावाचा, रेशनकार्ड सासरचे, आणि लग्नात नावच बदलले असेल तर विचारायलाच नको. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे मुद्दाम सांगतो. कोणते नाव ठेवायचे ते एकदा ठरवावे, बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करावे, आणि मगच अर्जाला हात घालावा. शिक्षकबंधूंना एक विनंती: दहावीच्या अर्जातले इंग्रजी स्पेलिंग पालकांना दाखवून घेत चला. ते अक्षर मुलाला जन्मभर पुरते.

पत्त्याचेही तसेच. मुलगा राहतो पुण्याला, कागदोपत्री मात्र गावात. पोलीस चौकशीला आले, की दाराला कुलूप! सध्या जिथे राहता तोच पत्ता द्या.

दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर परदेशगमन तपासणीची नोंद असते, आणि आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. पहिले पारपत्र काढल्यानंतर दहावी झाली असेल, तर नवे घेताना प्रमाणपत्र जोडावे, म्हणजे ती नोंद निघते.

खिडकीपाशी गेले, की आपण उगाच हात जोडून उभे राहतो. १९६७ पूर्वी पारपत्र देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. आणि त्याच वर्षी संसदेने पारपत्राचा कायदा केला. म्हणून कागद पुरे असतील तर दलालाची गरज नाही. अर्ज संगणकावर भरायचा, फी भरून दिवस-वेळ घ्यायची, आणि मूळ कागद घेऊन जायचे. २०१७ पासून ठिकठिकाणच्या मोठ्या टपाल कचेऱ्यांतही ही केंद्रे निघाली आहेत. तेव्हा मुंबई-नागपूरची गाडी पकडण्याआधी जिल्ह्याच्या टपाल कचेरीत चौकशी करा.